एका पॅकेटचे दोन पत्ते

जुन्या टेलिफोन यंत्रणेत दोन माणसे बोलत असताना त्यांच्यामधली वाट फक्त त्यांच्यासाठी अडवून ठेवलेली असे. दोघे गप्प बसले तरी ती दुसऱ्या कोणाला मिळत नसे. संगणकांचे नेटवर्क याच्या नेमके उलट चालते. पाठवायचा मजकूर, फोटो किंवा व्हिडिओ लहान तुकड्यांत कापला जातो, प्रत्येक तुकड्यावर पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा पत्ता चढतो, आणि हजारो लोकांचे तुकडे एकाच तारेतून एकामागोमाग धावतात. या तुकड्याला पॅकेट म्हणतात. ही कल्पना १९६०च्या दशकात अमेरिकेत पॉल बॅरन आणि ब्रिटनमध्ये डोनाल्ड डेव्हिस यांनी एकमेकांची माहिती नसताना मांडली. पॅकेट हे नाव डेव्हिस यांचे. २९ ऑक्टोबर १९६९ रोजी अर्पानेट या नेटवर्कवर लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातून स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटकडे 'लॉगिन' हा शब्द पाठवण्याचा प्रयत्न झाला. पहिली दोन अक्षरे पोहोचली आणि समोरचा संगणक बंद पडला. सुमारे तासाभराने पूर्ण शब्द गेला.

आज नेटवर्किंगमध्ये नोकरी शोधणारा विद्यार्थी बहुधा सिस्कोची सीसीएनए किंवा कॉम्पटिया या संस्थेची नेटवर्क प्लस ही परीक्षा देतो. दोन्हींचा पाया एकच आहे, आणि तो बहुतेक ठिकाणी तक्ते पाठ करून घेतला जातो: सात थरांची नावे, पोर्टचे क्रमांक, केबलचे प्रकार. तक्ते लागतातच. पण नेटवर्क चालते ते दोन पत्ते आणि एक निर्णय यांवर. प्रत्येक पॅकेट दोन प्रकारचे पत्ते घेऊन निघते, आणि प्रत्येक संगणक ते पाठवण्याआधी एकच प्रश्न सोडवतो: समोरचा माझ्याच नेटवर्कमध्ये आहे की बाहेर? हे ज्याला नीट उमगले त्याला बाकीचा अभ्यासक्रम जागच्या जागी बसवता येतो.

थर कशासाठी?

नेटवर्कचे काम एकाच अवाढव्य प्रोग्रामने केले असते, तर तांब्याची तार बदलून फायबर टाकताना ब्राउझरही नव्याने लिहावा लागला असता. म्हणून काम थरांत वाटलेले आहे. आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ओएसआय आराखड्यात असे सात थर आहेत. खालून वर मोजले तर फिजिकल, डेटा लिंक, नेटवर्क, ट्रान्सपोर्ट, सेशन, प्रेझेंटेशन आणि अ‍ॅप्लिकेशन. प्रत्येक थर आपल्या खालच्या थराकडून सेवा घेतो आणि वरच्याला देतो. खालचा थर आपले काम कसे करतो, याच्याशी वरच्याला कर्तव्य नसते.

प्रत्यक्षात मात्र जग ओएसआयच्या आखणीवर चालत नाही. व्हिंट सर्फ आणि बॉब कान यांनी १९७४ मध्ये मांडलेल्या कल्पनेतून टीसीपी/आयपी ही नियमांची जोडी तयार झाली आणि १ जानेवारी १९८३ रोजी अर्पानेट त्यावर गेले. सात थरांचा आराखडा छापून येईपर्यंत चालते नेटवर्क हाताशी होते, त्यामुळे सेशन आणि प्रेझेंटेशन हे थर आजही पुस्तकात जितके ठळक दिसतात तितके यंत्रांत दिसत नाहीत. तरीही सात थर शिकण्यात अर्थ आहे, कारण नेटवर्कवाल्यांची बोली त्यातून आली आहे. 'लेयर वनचा प्रॉब्लेम आहे' म्हणजे केबल, कनेक्टर किंवा पोर्ट तपासा. 'लेयर टू' म्हणजे स्विच आणि व्हीलॅन (एकाच स्विचवर पाडलेली वेगवेगळी नेटवर्के), 'लेयर थ्री' म्हणजे आयपी आणि राउटिंग. बिघाड शोधताना अनुभवी माणूस खालून सुरुवात करतो: आधी लिंक लाइट, मग पत्ता, मग गेटवेला, म्हणजे आपल्या नेटवर्कमधून बाहेर नेणाऱ्या राउटरला, पिंग, मग नावाचा पत्ता लागतो का ते.

थरांचे काम आकड्यांत पाहिले की जास्त स्पष्ट होते. इथरनेटची, म्हणजे तारेने जोडलेल्या स्थानिक नेटवर्कची, एक फ्रेम साधारणपणे १५०० बाइटपर्यंतचा माल वाहते. त्यातले २० बाइट आयपीच्या शीर्षकात जातात, २० टीसीपीच्या, आणि खऱ्या मजकुराला १४६० उरतात. तीस लाख बाइटचा एक फोटो पाठवायचा तर त्याचे दोन हजारांहून अधिक तुकडे होतात. प्रत्येक तुकड्यावर आधी टीसीपीचे शीर्षक चढते, त्यावर आयपीचे, त्यावर इथरनेटचे. त्या-त्या टप्प्यावर त्याला सेगमेंट, पॅकेट आणि फ्रेम अशी वेगळी नावे आहेत, आणि परीक्षेत ती अचूक लागतात.

तार, पिना आणि स्विच

ऑफिसात किंवा कॉलेजच्या लॅबमध्ये भिंतीतून येणाऱ्या निळ्या-करड्या केबलमध्ये आठ बारीक तारा असतात, दोन-दोनच्या चार जोड्यांत पिळलेल्या. आरजे-४५ कनेक्टर क्रिम्प करताना त्या ठरलेल्या रंगक्रमाने लावायच्या असतात: पांढरा-नारंगी, नारंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. या क्रमाला ५६८ बी म्हणतात. हिरवी जोडी मध्ये निळ्या जोडीने फोडलेली दिसते, ती चूक नाही. १०० मेगाबिटच्या इथरनेटमध्ये पिन १ आणि २ वरून एका दिशेची वाहतूक होते, ३ आणि ६ वरून दुसऱ्या दिशेची. म्हणून ३ आणि ६ या पिना एकाच पिळाच्या जोडीत असाव्या लागतात. पिळलेल्या दोन तारांवर बाहेरचा विद्युत गोंगाट जवळजवळ सारखाच पडतो आणि घेणारे यंत्र फक्त दोन्हींमधला फरक वाचते, त्यामुळे गोंगाट वजा होतो. एखाद्याने दोन्ही टोकांना आपल्या मनाचा पण सारखाच क्रम लावला, तर स्वस्त टेस्टरचे आठही दिवे क्रमाने लागतात आणि केबल पास होते. पण सिग्नल दोन वेगळ्या पिळांत विभागला गेल्यामुळे लांब अंतरावर वेग कोसळतो. अशी केबल शोधून काढायला दिवस जातो. तांब्याच्या पिळलेल्या केबलची मर्यादा १०० मीटर आहे. त्यापुढे जायचे तर मध्ये स्विच हवा किंवा फायबर.

इथरनेट १९७३ मध्ये झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो संशोधन केंद्रात रॉबर्ट मेटकाफ यांच्या कल्पनेतून आकाराला आले. त्या वेळी सगळे संगणक एकाच जाड केबलला जोडलेले असत. दोघांनी एकाच क्षणी पाठवले की सिग्नल एकमेकांत मिसळत, दोघेही थांबत, यादृच्छिक वेळ जाऊ देत आणि पुन्हा प्रयत्न करत. आज प्रत्येक संगणकाला स्विचचे स्वतंत्र पोर्ट असते, म्हणून तारेवरची ही टक्कर इतिहासजमा झाली आहे. वाय-फायमध्ये मात्र हवा सगळ्यांची सामाईक, आणि तिथे पाळी लावण्याचा प्रश्न कायम आहे. एकाच इमारतीत दहा राउटर एकाच चॅनेलवर असले की प्रत्येकाचा वेग का पडतो, याचे कारण हेच. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात १, ६ आणि ११ हे तीनच चॅनेल एकमेकांवर न चढता वापरता येतात.

इथरनेटच्या पातळीवर ओळख पटते ती मॅक पत्त्याने. हा ४८ बिटांचा असतो. पहिले २४ बिट नेटवर्क कार्ड बनवणाऱ्या कंपनीचे, उरलेले २४ त्या कार्डाचे. अलीकडचे फोन वाय-फायवर खरा मॅक पत्ता लपवून बनावट पत्ता वापरतात, ते माग काढता येऊ नये म्हणून.

स्विच या मॅक पत्त्यांवरच चालतो आणि त्याचे तर्कशास्त्र फार साधे आहे. फ्रेम आली की तो पाठवणाऱ्याचा पत्ता वाचतो आणि तो कोणत्या पोर्टवर आहे याची नोंद आपल्या तक्त्यात करतो. मग घेणाऱ्याचा पत्ता तक्त्यात शोधतो. सापडला तर फ्रेम त्याच एका पोर्टवर सोडतो, सापडला नाही तर आली त्या पोर्टखेरीज सगळीकडे. शिकणे पाठवणाऱ्याच्या पत्त्यावरून आणि पाठवणे घेणाऱ्याच्या पत्त्यावरून, हा फरक परीक्षेत हमखास विचारला जातो. ब्रॉडकास्ट फ्रेम म्हणजे सर्वांसाठीची फ्रेम, ती आली ते पोर्ट सोडून कायम सर्व पोर्टांवर जाते. कोणी पॅच कॉर्डची दोन्ही टोके चुकून एकाच स्विचला खोचली तर अशी फ्रेम गोल फिरत राहते, वाढत जाते आणि मिनिटाभरात अख्खे नेटवर्क बसते. इथरनेटच्या फ्रेमला आयुष्यमर्यादा नसते म्हणून हे घडते. त्यावरचा उपाय, स्पॅनिंग ट्री, रेडिया पर्लमन यांनी १९८५ मध्ये दिला. स्विच आपसात बोलून चक्र होईल असे दुवे बंद ठेवतात आणि एखादा चालू दुवा तुटला तरच ते उघडतात.

पत्ता आणि मास्क

मॅक पत्ता कार्डाबरोबर येतो. ते यंत्र कोणत्या गावात, कोणत्या इमारतीत आहे हे त्यावरून कळत नाही. जगभरच्या यंत्रांपर्यंत पोहोचायला असा पत्ता निरुपयोगी आहे, कारण मग प्रत्येक राउटरला अब्जावधी नोंदी ठेवाव्या लागतील. म्हणून दुसरा पत्ता, आयपी. सप्टेंबर १९८१ मध्ये प्रमाणित झालेल्या चौथ्या आवृत्तीत तो ३२ बिटांचा आहे आणि वाचायच्या सोयीसाठी आठ-आठ बिटांचे चार आकडे करून लिहितात, जसे १९२.१६८.१०.२५. प्रत्येक आकडा ० ते २५५.

या ३२ बिटांचे दोन भाग असतात: डावीकडचा नेटवर्कचा, उजवीकडचा त्या नेटवर्कमधल्या यंत्राचा. भाग कुठे पडतो हे पत्त्यावरून दिसत नाही, ते मास्क सांगतो. लँडलाइनचा एसटीडी कोड असाच असतो. सुरुवातीचे शून्य सोडले तर मुंबईचा कोड २२ आणि पुढे आठ आकडे, कोल्हापूरचा २३१ आणि पुढे सात, कऱ्हाडचा २१६४ आणि पुढे सहा. एकूण आकडे दहाच, पण कोड लांबला की त्या गावात देता येण्याजोगे नंबर कमी होतात. आयपीमध्ये /२४ म्हणजे पहिले २४ बिट नेटवर्कचे. यंत्रांसाठी उरतात ८ बिट, म्हणजे २५६ पत्ते. त्यातला पहिला नेटवर्कचे नाव म्हणून आणि शेवटचा ब्रॉडकास्टसाठी राखीव, म्हणून वापरता येतात २५४. हाच मास्क २५५.२५५.२५५.० असाही लिहितात.

उमेदवार सर्वाधिक अडखळतात ते सबनेटिंगच्या गणितावर. सीसीएनएच्या परीक्षेत कॅल्क्युलेटर चालत नाही. पण हे गणित तोंडी करण्याइतके सोपे आहे. प्रश्न असा: १७२.१६.४५.१९०/२७ हा पत्ता यंत्राला देता येईल का? २७ बिट म्हणजे शेवटच्या आकड्यातले ३ बिट नेटवर्कचे, मास्कचा शेवटचा आकडा २२४. २५६ मधून २२४ वजा केले की उरतात ३२, आणि हाच गट. नेटवर्क ०, ३२, ६४, ९६, १२८, १६०, १९२, २२४ असे सुरू होतात. १९० हा १६० आणि १९२ यांच्यामध्ये पडतो, म्हणून नेटवर्क १६०चे. त्याचा ब्रॉडकास्ट पुढच्या नेटवर्कच्या एक आधीचा, १९१. यंत्रांना १६१ ते १९० मिळतात, तेव्हा १९० हा शेवटचा चालणारा पत्ता आहे. १९१ दिला असता तर नाही. २५६ मधून मास्क वजा करण्याची ही एक युक्ती हाताला बसली की निम्मी भीती जाते.

उलटा प्रश्न आखणीचा. एका कॉलेजकडे १९२.१६८.१०.०/२४ आहे. संगणक लॅबला १०० पत्ते हवेत, कार्यालयाला ५०, ग्रंथालयाला २०, आणि दोन राउटरांमधल्या दुव्याला २. मोठ्यापासून सुरुवात करायची, नाहीतर मोठा गट बसायला जागा उरत नाही. लॅबला /२५, म्हणजे ० ते १२७, वापरायला १२६. कार्यालयाला /२६, म्हणजे १२८ ते १९१, वापरायला ६२. ग्रंथालयाला /२७, म्हणजे १९२ ते २२३, वापरायला ३०. दुव्याला /३०, म्हणजे २२४ ते २२७, वापरायला नेमके दोन. २२८ पासून पुढचे पत्ते वाढीसाठी शिल्लक राहतात.

एक निर्णय, दोन पत्ते

याच कॉलेजच्या कार्यालयातला १९२.१६८.१०.१५० हा संगणक घेऊ. त्याचा मास्क /२६, गेटवे १९२.१६८.१०.१२९. त्याला लॅबमधल्या १९२.१६८.१०.२५ कडे फाइल पाठवायची आहे. तो आपला मास्क दोन्ही पत्त्यांना लावतो. स्वतःचे नेटवर्क निघते १२८चे, समोरच्याचे ०चे. म्हणजे समोरचा बाहेर आहे, पॅकेट गेटवेकडे द्यायचे.

गेटवेकडे द्यायचे तर त्याचा मॅक पत्ता हवा. तो शोधण्याचे काम एआरपी करते. संगणक ब्रॉडकास्ट करून विचारतो की १२९ कोणाकडे आहे, राउटर आपला मॅक पत्ता कळवतो, आणि ते उत्तर काही काळ लक्षात ठेवले जाते. मग फ्रेम तयार होते. तिच्यावर घेणारा म्हणून मॅक पत्ता राउटरचा, पण आतल्या पॅकेटवर घेणारा म्हणून आयपी पत्ता लॅबमधल्या संगणकाचा. राउटर फ्रेमचे वेष्टण काढून टाकतो, आतला आयपी पत्ता आपल्या तक्त्याशी ताडतो आणि लॅबच्या बाजूने नवी फ्रेम बांधतो. आता पाठवणारा मॅक पत्ता राउटरच्या त्या बाजूचा आणि घेणारा लॅबच्या संगणकाचा. पॅकेट सातारा ते सॅन फ्रान्सिस्को असे कितीही राउटर ओलांडून गेले तरी हेच होते: प्रत्येक टप्प्यावर मॅक पत्ते नवे, टोकाचे आयपी पत्ते तेच. आयपी पत्ते बदलतात ते फक्त मध्ये नॅट असेल तर, आणि त्याचा भाग पुढे येतो.

आता त्याच संगणकाला कोणी चुकून /२६ ऐवजी /२४ मास्क दिला असे धरू. १५० आणि २५ हे दोन्ही पत्ते त्याला एकाच नेटवर्कमधले वाटतात. तो गेटवेकडे जात नाही, थेट २५चा मॅक पत्ता ब्रॉडकास्ट करून विचारतो. राउटर ब्रॉडकास्ट पलीकडे सोडत नाही, लॅबपर्यंत प्रश्नच जात नाही, उत्तर येत नाही. गंमत अशी की इंटरनेट व्यवस्थित चालते, कारण बाहेरचे पत्ते /२४ च्याही बाहेरचे आहेत आणि त्यांच्यासाठी गेटवेच वापरला जातो. 'नेट चालू आहे पण लॅबचे मशीन दिसत नाही' अशी तक्रार आली की पहिली नजर मास्कवर टाकावी. राउटरवर प्रॉक्सी एआरपी चालू असेल तर तो स्वतःच उत्तर देऊन ही चूक झाकतो, आणि एखाद्या दिवशी राउटर बदलला की ती अचानक उघडी पडते.

राउटरच्या तक्त्यात एकाच पत्त्याला जुळणाऱ्या अनेक नोंदी असू शकतात. नियम असा की जिचा मास्क सर्वांत लांब, ती नोंद जिंकते. १०.५.७.९ साठी १०.०.०.०/८ आणि १०.५.०.०/१६ दोन्ही असल्या तर /१६ ची वाट धरली जाते. या नियमाची ताकद २४ फेब्रुवारी २००८ रोजी जगाने पाहिली. पाकिस्तानात यूट्यूब बंद करण्याच्या आदेशावरून पाकिस्तान टेलिकॉमने यूट्यूबच्या /२२ पट्ट्यातल्या एका /२४ पट्ट्याची वाट आपल्याकडे वळवली. ती घोषणा देशाबाहेर पसरली. जगभरच्या राउटरांना /२४ हे /२२ पेक्षा अधिक नेमके दिसले आणि सुमारे दोन तास यूट्यूबकडे जाणारी वाहतूक पाकिस्तानकडे वळत राहिली. मोठी नेटवर्के अशा वाटा ज्या प्रोटोकॉलने एकमेकांना कळवतात, त्याला बीजीपी म्हणतात. एका संस्थेच्या आतल्या राउटरांत बहुधा ओएसपीएफ चालतो, आणि सीसीएनएचा भर त्यावर आहे.

वाटा चुकल्या तर पॅकेट कायमचे भटकू नये म्हणून आयपीच्या शीर्षकात टीटीएल हा आकडा असतो, बहुधा ६४ किंवा १२८ पासून सुरू होणारा. प्रत्येक राउटर त्यातून एक वजा करतो, शून्य झाले की पॅकेट टाकून देतो आणि पाठवणाऱ्याला तसे कळवतो. व्हॅन जेकबसन यांनी याच वागणुकीचा उपयोग करून ट्रेसराउट बनवले: आधी टीटीएल १ ठेवून पाठवायचे, मग २, मग ३, आणि टाकून देणारा प्रत्येक राउटर आपला पत्ता स्वतःहून सांगत जातो.

नाव, पत्ता आणि पोहोच

संगणक सुरू होतो तेव्हा त्याच्याकडे आयपी नसतो. तो डीएचसीपीने मिळतो. संगणक ओरडून विचारतो, सर्व्हर एक पत्ता देऊ करतो, संगणक तोच मागतो, सर्व्हर मान्य करतो. पत्त्याबरोबरच मास्क, गेटवे आणि डीएनएस सर्व्हर हेही येते. सर्व्हर सापडला नाही तर विंडोजचा संगणक स्वतःच १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता घेतो. स्क्रीनवर असा पत्ता दिसला की डीएचसीपीपर्यंत पोहोचच नाही, हे पक्के.

नावांचा भाग डीएनएसचा. अर्पानेटच्या काळात सगळ्या संगणकांची नावे एकाच फाइलमध्ये होती आणि ती एका ठिकाणाहून वाटली जाई. ते झेपेनासे झाले तेव्हा १९८३ मध्ये पॉल मॉकापेट्रिस यांनी नावांची वाटून दिलेली उतरंड आखली: वर रूट, त्याखाली डॉट कॉम, डॉट इन अशी मंडळी, त्याखाली प्रत्येक संस्था आपापले नाव सांभाळते. डॉट भारत हे देवनागरीतले टोकही या उतरंडीत आहे आणि ऑगस्ट २०१४ पासून त्याखाली मराठीतून वेबसाइटचे नाव नोंदवता येते. आत मात्र डीएनएस अजून रोमन अक्षरेच वाहतो. ब्राउझर देवनागरी नावाचे ठरलेल्या पद्धतीने रोमन रूप करतो आणि तेच विचारायला पाठवतो.

आयपी पोहोचवण्याचा प्रयत्न करते, हमी देत नाही. हमी देते टीसीपी. आधी तीन निरोपांची ओळख होते, सिन, सिन-अ‍ॅक आणि अ‍ॅक. मग प्रत्येक बाइटला क्रमांक, घेणाऱ्याकडून पोच, आणि पोच आली नाही तर पुन्हा पाठवणी. यूडीपी यातले काहीच करत नाही. हाक मारल्यासारखे पाठवते आणि मोकळे होते. आवाज आणि व्हिडिओ कॉल बहुधा त्यावर चालतात, कारण बोलण्यातला हरवलेला तुकडा दोन सेकंदांनी मिळून उपयोग नसतो. एकाच संगणकावर अनेक कामे चालू असताना पॅकेट कोणत्या प्रोग्रामचे, हे पोर्ट क्रमांक सांगतो: वेबसाठी ४४३, जुन्या वेबसाठी ८०, एसएसएचला २२, मेलला २५, डीएनएसला ५३.

'तीनशे एमबीपीएसचा प्लॅन असूनही परदेशी साइट हळू का?' या प्रश्नाचे उत्तर टीसीपीच्या तीन निरोपांच्या ओळखीत दडले आहे. फायबरमधून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. मुंबई ते लंडन सरळ अंतर साधारण ७,२०० किलोमीटर. म्हणजे जाऊन येऊन ७२ मिलिसेकंद, आणि समुद्राखालच्या केबल तांबड्या समुद्राच्या बाजूने वळसा घेत जात असल्यामुळे प्रत्यक्षात त्याहून बरेच अधिक. टीसीपीची ओळख ही एक फेरी, सुरक्षिततेच्या किल्ल्या ठरवणे ही दुसरी, मग पान मागणे ही तिसरी. प्लॅन मोठा घेतला तरी या फेऱ्यांचा वेळ कमी होत नाही. म्हणून मोठ्या कंपन्या आपल्या साइटच्या प्रती मुंबई-चेन्नईसारख्या शहरांत ठेवतात.

३२ बिटांत ४२९ कोटींच्या आसपास पत्ते होतात आणि ते पुरले नाहीत. जागतिक साठ्यातले शेवटचे गट ३ फेब्रुवारी २०११ रोजी वाटले गेले. दरम्यान दोन गोष्टींनी वेळ काढला. १९९६ मध्ये १० ने सुरू होणारे, १७२.१६ ते १७२.३१ आणि १९२.१६८ हे पट्टे खासगी वापरासाठी मोकळे ठेवण्याचा नियम पक्का झाला. कोणीही ते आपल्या घरात वापरावेत, इंटरनेटवर ते धावत नाहीत. घरातली दहा यंत्रे बाहेर जाताना राउटर त्यांचा पत्ता आणि पोर्ट बदलून आपला एकच सार्वजनिक पत्ता लावतो आणि कोणता बदल कोणासाठी केला याची नोंद ठेवतो. हाच नॅट. त्याने काम भागते, पण बाहेरून आतल्या यंत्राशी थेट बोलता येत नाही, आणि मोबाइल कंपन्या हजारो ग्राहकांना एकाच पत्त्यामागे ठेवू लागल्या की बिघाड शोधणे कठीण होते.

खरा उपाय आयपीव्ही६. त्यात पत्ता १२८ बिटांचा, ब्रॉडकास्ट नाही, आणि एआरपीची जागा नेबर डिस्कव्हरी घेते. नेहमीच्या नेटवर्कला /६४ दिले जाते, त्यामुळे पत्ते मोजून वाटण्याची कसरत संपते. २०१६ मध्ये जिओने सुरुवातीपासून आयपीव्ही६वर उभारलेले मोबाइल नेटवर्क आणल्यानंतर भारत त्याच्या वापरात जगातल्या आघाडीच्या देशांत गेला. इतके असूनही आपल्याकडच्या अनेक क्लासमध्ये आयपीव्ही६ शेवटच्या तासात उरकले जाते. हे बदलायला हवे.

परीक्षेचे स्वरूप थोडक्यात असे. सीसीएनएची २००-३०१ ही परीक्षा फेब्रुवारी २०२० मध्ये सुरू झाली. वेळ १२० मिनिटे, आणि सोडून दिलेल्या प्रश्नाकडे परत जाता येत नाही. नेटवर्कची मूलतत्त्वे २० टक्के, स्विच आणि वाय-फायची जोडणी २० टक्के, राउटिंग २५ टक्के, उरलेले सेवा, सुरक्षा आणि स्वयंचलन यांत विभागलेले. नेटवर्क प्लसमध्ये ९० मिनिटांत जास्तीत जास्त ९० प्रश्न, कोणत्याही एका कंपनीच्या उपकरणांशी न बांधलेले. दोन्ही प्रमाणपत्रे तीन वर्षे टिकतात.

सराव करायला महागडे राउटर विकत घ्यावे लागत नाहीत. सिस्कोच्या नेटवर्किंग अकादमीवर नोंदणी केली की पॅकेट ट्रेसर फुकट मिळतो, आणि वर आखलेले कॉलेजचे चारही सबनेट त्यात संध्याकाळभरात उभे राहतात. एका संगणकाला मुद्दाम चुकीचा मास्क द्यावा आणि काय बंद पडते ते पाहावे. वायरशार्क हा प्रोग्रामही फुकट आहे. तो सुरू करून आपल्याच संगणकावरून एक वेबसाइट उघडली की डीएनएसचा प्रश्न, एआरपीचे ब्रॉडकास्ट आणि टीसीपीचे तीन निरोप खऱ्या आकड्यांसह समोर येतात. प्रश्नसंचाला हात लावण्याआधी विद्यार्थ्याने हे दोन्ही एकदा तरी करावे.